आणखी तीन गाणी

महिन्यातून एकदा आम्ही चौघं गाणी ऐकायला जमतो, असं आम्ही घरी सांगतो. प्रत्यक्षात ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या रेकॉर्डची एक बाजूही पुरी होत नाही, तोच कोणीतरी म्हणतं, "लाँग बीचचा किस्सा माहीत आहे ना?" सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी तो पहिल्यापासून सांगितला जातो.

३१ जुलै १९८०. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. सिनेटरसाहेब आधी आभार मानायला आले, तेव्हा बँडचा गिटारवाला डॉन फेल्डर म्हणाला, "यू आर वेलकम, सिनेटर." आणि वर पुस्ती जोडली, "आय गेस." तेवढ्या दोन शब्दांवरून बँडमधल्याच ग्लेन फ्रायचं डोकं फिरलं. पुढचा भाग आमच्यातला वकील उभा राहून करून दाखवतो. टीव्हीचा रिमोट तोंडापाशी धरून 'बेस्ट ऑफ माय लव्ह' अगदी लाडात गायचं आणि दोन ओळींच्या मध्ये मान वळवून दातओठ खात म्हणायचं, "आणखी तीन गाणी, मग बघतो तुला!" कार्यक्रम संपल्यावर फेल्डरने गिटार आपटून फोडली, तर फ्राय म्हणाला म्हणे, फोडायलासुद्धा सगळ्यात स्वस्तातली निवडली.

आपल्याकडे भाऊबंदकी बांधावरून होते, विहिरीच्या पाळीवरून होते. यांची गाणं कोणी गायचं यावरून. 'व्हिक्टिम ऑफ लव्ह' फेल्डर गाणार असं ठरलं होतं. त्याचं गाणं बाकीच्यांना पसंत पडेना. मग मॅनेजर त्याला जेवायला बाहेर घेऊन गेला आणि तेवढ्यात स्टुडिओत बँडचा ड्रमवाला-गायक डॉन हेन्लीने ते गाऊन टाकलं. सातबाऱ्यावर अंगठे घेण्यापूर्वी एका भावाला देवदर्शनाला धाडतात, त्यातलाच प्रकार! आधीचा गिटारवाला बर्नी लेडनने तर बँड सोडण्याच्या सुमारास फ्रायच्या डोक्यावर बिअर ओतली होती. बेस गिटार वाजवणाऱ्या रँडी माइझनरचं दुखणं निराळं. रोज रात्री एका गाण्याच्या शेवटी तो उंच सूर लावायचा, याची त्या माणसाला धास्ती बसली होती. १९७७ साली नॉक्सव्हिलला त्याने नकार दिला, फ्रायशी हातघाईवर आला आणि काही महिन्यांत बाहेर पडला.

मी फेल्डरच्या बाजूचा. त्या जेवणाचा राग माझ्या मनात अजून आहे, जणू बिल मीच भरलं होतं. शिवाय 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं संगीत त्याच्या कॅसेटमधून आलेलं. पण वकील हेन्लीचा माणूस. तो लगेच मायामीतल्या रेकॉर्डिंगची साक्ष काढतो. शेवटच्या गिटारच्या तुकड्यासाठी फेल्डर आणि दुसरा गिटारवाला जो वॉल्श नवंच काहीतरी वाजवायला लागले, तेव्हा हेन्लीने अडवलं. कॅसेटमध्ये आहे तस्संच पाहिजे. कॅसेट राहिली घरी, लॉस एंजेलिसकडे. शेवटी फेल्डरने घरकाम करणाऱ्या बाईंना फोन लावला, त्यांनी कॅसेट लावून रिसीव्हर टेपरेकॉर्डरजवळ धरला आणि याने स्वतःचीच चीज फोनवरून उतरवून घेतली. "हट्ट कोणाचा होता?" वकील विचारतो. मी चकलीचा तुकडा तोंडात टाकतो.

लाँग बीचनंतर लाइव्ह अल्बमची डागडुजी करायची होती. फ्राय लॉस एंजेलिसला, बाकीचे मायामीला. एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, पण सूर तर जुळायला हवेत. मग टेपा कुरिअरने इकडून तिकडे गेल्या. अल्बमच्या श्रेयनामावलीत पाच वकिलांची नावं आहेत. आमचा वकील हे सांगताना कॉलर ताठ करतो.

१९९४ साली पुन्हा स्टेजवर आल्यावर फ्राय म्हणाला, आम्ही फुटलो नव्हतोच, चौदा वर्षांची सुट्टी घेतली होती. २००१ मध्ये फेल्डरला काढलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००७ मध्ये तडजोड झाली. तो भाग मी जरा लवकर उरकतो.

राहिला टिमथी श्मिट. माइझनर पोको बँडमधून गेला, तेव्हा त्याची जागा यानेच घेतली होती. ईगल्समधून गेला, तेव्हाही यानेच. आला, बेस गळ्यात अडकवला, गोड गायला. त्याचा एकही किस्सा आमच्याकडे नाही. चौघांपैकी त्याच्या बाजूचं कोणीच नाही.