तुम्ही विचारलंत म्हणून: परसात साप येतात का?

येतात. आधी उत्तर देऊन टाकते, कारण कॉलनीतल्या, माहेरच्या, सासरच्या सगळ्यांनी विचारून झालंय, "हे रान कशाला वाढवलंस? साप येत नाहीत का?" दर वेळी मी "छे हो" म्हणून चहा टाकायला आत जायचे. ते खोटं होतं.

रान मुद्दाम वाढवलं असंही नाही. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माझं लॉन, क्रोटन, गुलाब सगळं वाळून गेलं. भांडी विसळलेलं पाणी संडासाला पुरवत होतो, लॉनला कुठलं घालणार? हिरवी राहिली ती कुंपणाकडची बोर आणि कुणीच न लावलेला तरवड. मग मीही हट्ट सोडला. आपटा लावला, कडीपत्त्यावर औषध मारणं थांबवलं, उगवलेली रुई उपटली नाही. अळ्या राहिल्या तसे बुलबुल आणि शिंपी घरटी करायला लागले. पिल्लांना अळ्या भरवायला लागतात त्यांना. रुईवरच्या पट्टेरी अळ्या बघून शेजारच्या काकू नाक मुरडतात. शनिवारी मारुतीच्या माळेला पानं मात्र माझ्याकडूनच नेतात, नवरात्रात घटाला तरवडाची फुलंही. असो.

आता सापाचं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात सासूबाई परसात धुणं वाळत घालत होत्या. त्या ओरडल्या म्हणून मी धावले. बोरीच्या बुडाशी लांबच लांब, मातकट रंगाचा साप, सहा फूट तरी असेल. मला ओळखू आला. धामण. घोणस आखूड, जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. धामणीला विष नसतं, ती उंदीर खाते, तिला मारणं गुन्हा आहे, हेही मीच शिकवते. सर्पमित्राचा नंबर मोबाइलमध्ये होता.

तोवर गल्ली गोळा झाली, काठ्या आल्या. "ताई, तुमच्याच झाडीतून येलालेत की हे," एकजण म्हणाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई पायरीवर बसून थरथरत होत्या. मी म्हणाले, "बघा काय ते."

"मारा" म्हणाले नाही, अशी स्वतःची समजूत मी बरेच दिवस घातली. पण काठ्या धरलेल्या माणसांना "बघा काय ते" म्हटल्यावर ते काय बघणार? ती बोरीच्या मुळात शिरायला धडपडत होती. शेपूट बराच वेळ हलत होतं. नंतर एका पोरानं काठीवर उचलून गल्लीभर मिरवली.

त्या हिवाळ्यात घुशींनी उच्छाद मांडला. संबंध असेल, नसेल.

पूर्वी मी लोकांना ऐकवायचे, सापाला काय भ्यायचं, आपणच त्याच्या जागेत आलोय. तेव्हाच्या मला आता विचारावंसं वाटतं, बाई, तुझ्या पायरीवर कुणी थरथरत बसलं होतं का? पण झाडंही तोडवत नाहीत. दारापुढची जागा साफ ठेवते, विटांचा ढीग हलवला, रात्री बॅटरीशिवाय उतरत नाही. सासूबाई परसात पाऊल ठेवत नाहीत. धुणं गच्चीवर जातं, आणि गुडघे त्यांचे दुखतात.

परवा बोरीखाली कात सापडली. धामणीची की कशाची, ठरवता आलं नाही. कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. सासूबाईंना अजून बोलले नाही.