मारातला मार्शल ईगल: पोट आणि पाय बघून ओळखा, जादा पैसे देऊ नका

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात 'मार्शल ईगल (आफ्रिकेतला मोठा गरुड) हमखास दाखवतो' म्हणत कोणी वेगळे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. जुलै ते डिसेंबर नुसती प्रवेश फीच माणशी दिवसाला 200 डॉलर (जानेवारी ते जून 100), त्यावर आमच्या गाडीवाल्याने जादा पैसे आधीच घेतले. आणि दाखवला कोण? ब्लॅक-चेस्टेड स्नेक ईगल, म्हणजे काळ्या छातीचा, साप खाणारा दुसराच गरुड! हटकलं तर म्हणे, "काळी छाती, पांढरं पोट, मार्शलच."

साफ चूक. छाती दोघांचीही गडद असते आणि पोट पांढरं. पण मार्शलच्या पोटावर काळपट ठिपके असतात, स्नेक ईगलचं पोट कोरं. मार्शलचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले, स्नेक ईगलचे उघडे. उडताना तर शंकेला जागाच नाही. मार्शलचे पंख खालून गडद दिसतात, स्नेक ईगलचे पांढरे, काळ्या पट्ट्यांचे. आपल्याकडे माळरानावर सापमार गरुड हवेत एका जागी पंख मारत थांबतो ना, तीच लकब या स्नेक ईगलची. सापमार आणि हा स्नेक ईगल जवळचे भाऊबंद आहेत.

एकच मेख आहे. मार्शलचं पोर खालून पांढरंशुभ्र असतं, ना ठिपके ना गडद छाती. प्रौढ पिसारा यायला सहा-सात वर्षं जातात. अशा वेळी पायच बघा.

खरा मार्शल शेवटी फुकटात दिसला. हिंगणबेटाच्या झाडावर, पंज्याखाली अर्धी खाल्लेली घोरपड, पिवळे डोळे आमच्यावर रोखलेले. वाऱ्याने पोटाची पिसं उलटत होती, एकेक ठिपका मोजता आला असता. हे लिहितानाही अंगावर काटा येतोय! एका वेळी एकच अंडं घालणारा, संकटग्रस्त यादीतला पक्षी आहे हा. घरट्याजवळ नेतो म्हणणाऱ्याच्या गाडीत बसूच नका.

रस्त्याचं सांगतो. राजधानी नैरोबी ते नारोक गाव ते माराचं सेकेनानी गेट डांबरी, काही त्रास नाही. सेकेनानी ते तालेक गाव मात्र पाऊस झाला की निव्वळ छळ. काळी माती चाकांना अशी चिकटते की गाडी जागची हलत नाही. आम्ही चिखलात उतरून ढकलली, कंबर अजून धरलीय. स्वस्तातली व्हॅन घेऊ नका, फोर बाय फोरच घ्या, आणि जादा पैसे लागणार नाहीत हे बुकिंग करतानाच लेखी घ्या. दुर्बीण 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे, स्कोप (तिपाईवरची मोठी, एका डोळ्याने बघायची दुर्बीण) घरी ठेवा.