मीठ, ऊन आणि एमजीचे क्लब

‘‘कॅलिफोर्नियात होतात तेव्हा त्या जुन्या ब्रिटिश एमजी स्पोर्ट्स कारचे आणि तिच्या क्लबाच्या सहलींचे फोटो बारा महिने यायचे. मिशिगनला गेल्यापासून नोव्हेंबर ते मार्च चिडीचूप. तिकडे क्लब नाहीत का?’’ पुण्याची भावंडं हे विचारतात, इथल्या मराठी मंडळातले मित्रही विचारतात. क्लब आहेत, आणि कॅलिफोर्नियातल्यापेक्षा ते जास्त घट्ट विणलेले आहेत असं माझं मत आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुळात या ब्रिटिश गाड्यांचं खरं माहेरघर ब्रिटन राहिलंच नाही. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात एमजीए या मॉडेलच्या एक लाखाहून जास्त गाड्या तयार झाल्या. त्यातल्या सहा हजारसुद्धा ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या नाहीत. बाकीच्या परदेशी गेल्या, बहुतेक अमेरिकेला. त्याआधीची एमजी, टीसी नावाची, फक्त उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची, तरी युद्धात इंग्लंडला राहून आलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणि त्यांचं बघून इतरांनी ती हौसेनं घेतली. १९४८मध्ये लॉस एंजेलिसला मॉस मोटर्स सुरू झालं, आणि आजही आमचे निम्मे सुटे भाग त्यांच्याकडूनच येतात. तेव्हा गाड्या सगळीकडे पोचल्या होत्या. टिकल्या कुठे, हा पुढचा प्रश्न.

इथे मीठ येतं. बर्फ वितळावा म्हणून मिशिगनचे रस्ते हिवाळाभर मिठानं पांढरे असतात. डेट्रॉइट शहराच्या खाली साडेतीनशे मीटरवर मिठाची खाणच आहे! एमजीबी या मॉडेलला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीच पेलते, आणि त्यातला मोठा वाटा दाराखालच्या सिलचा. सिल म्हणजे पत्र्याची पोकळ पेटी. खारं पाणी आत शिरलं की ती आतून गंजत जाते. वरून रंग चकचकीत, आत पत्र्याची चाळण. म्हणून पहिलं मीठ पडलं की गाडी गॅरेजात जाते आणि एप्रिलच्या पावसानं रस्ते धुऊन निघाल्यावरच बाहेर येते. तुम्हाला फोटो दिसत नाहीत ते यामुळे.

पण क्लब खरा जगतो तो याच बंद महिन्यांत. शनिवारी सकाळी कुणाच्या तरी गॅरेजात हीटर लावून दहाबारा जण जमतात. एकाच्या गाडीचे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळून सोडणारे भाग) एकमेकांशी जुळवायचे असतात, दुसऱ्याच्या किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळी) बदलायच्या असतात. इंजिन काढायची क्रेन एकाकडे, वेल्डिंगचा हात दुसऱ्याचा. हिवाळाभर गाडी उघडी ठेवता येते म्हणून माणसं मोठी कामं अंगावर घेतात, आणि मोठं काम एकट्याच्यानं होत नाही. सत्तरी ओलांडलेले फोर्डमधले निवृत्त टूलमेकर मला इथेच भेटले. पत्रा कापताना दारं बंद ठेवून आधी बॉडीला आडवा आधार द्यायचा, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

कॅलिफोर्नियात यातलं काही अडत नाही. जानेवारीतही टप उघडून समुद्रकाठानं जाता येतं, गाड्या कोरड्या, पत्रा शाबूत. सहलीला लोटणारी गर्दी इथल्या कितीतरी पट. पण या महिन्यात आलेला माणूस पुढच्या महिन्यात येईलच असं नाही, कारण त्याला कुणाची गरज पडत नाही. मला त्या सहली मनापासून आवडायच्या, आजही त्यांची आठवण येते. मैत्री मात्र इथे जास्त मुरली. तिथे कायद्याचाही हात आहे. १९७५पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या चाचणीतून सूट, १९७६पासूनच्यांना नाही. त्यामुळे रबरी बंपरची, शेवटच्या वर्षांतली एमजीबी घेताना तिथला माणूस दोनदा विचार करतो.

कायद्यानं क्लबाचं रूपच कसं बदलतं ते बघायचं तर ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य घ्या. तिथे जुन्या गाडीला स्वस्त क्लब परमिट मिळतं, वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांचं, आणि गाडी काढली की लॉगबुकात नोंद करावी लागते. परमिटसाठी क्लबाचं सभासदत्व लागतंच. अशा ठिकाणी सभासदांच्या यादीवरून क्लबात जीव किती ते कळणार नाही. नुसत्या आकड्यांवरून प्रदेशांची तुलना करणाऱ्यांशी माझा वाद होतो तो इथेच.

ब्रिटनमध्ये एमजी कार क्लब १९३०पासून आहे. अंतरं लहान, त्यामुळे संध्याकाळी गावच्या पबमध्ये गप्पांना जमणं हाच तिथला मुख्य कार्यक्रम. गंज तिथेही आहेच. इतका, की अमेरिकेच्या कोरड्या राज्यांतून जुन्या एमजीबी परत मायदेशी गेल्या आणि १९८८पासून तिची नवी कोरी बॉडी पुन्हा तयार होऊ लागली.

आणि आपल्याकडे? आयातीवरच्या बंधनांमुळे स्पोर्ट्स कार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. पण मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची हेराल्डच, आणि ट्रायम्फची स्पोर्ट्स कार स्पिटफायर तिच्याच आखूड केलेल्या चासीवर उभी आहे. आमच्या काकांची हेराल्ड होती. बॉनेट उघडलं की मडगार्डांसकट अख्खं नाक पुढे उलटायचं. इथल्या मित्राच्या स्पिटफायरचं नाक तसंच उलटताना पाहिलं आणि मी त्याला काकांची अख्खी गाडी वर्णन करून सांगितली.

आता मंडळातली दोन तरुण मुलं एमजीबी घ्यायचं म्हणताहेत. त्यांना सांगितलंय, आधी क्लबात या, गाडी नंतर. बघायला जाल तेव्हा सिलवर लोहचुंबक फिरवा; पुट्टी भरलेली असेल तिथे तो धरणार नाही. मग जॅकवर चढवून दार उघडून बंद करून बघा. दार अडकलं, म्हणजे सिल भार पेलत नाही, तर किंमत कितीही कमी असो, निघून या. आणि जाताना आमच्यापैकी कुणाला तरी बरोबर न्या, रविवार असला तरी चालेल.