गा वरचा अनुस्वार

पेपर दारात पडतो सव्वासहाला, मी उचलतो सातला. मधल्या पाऊण तासात कोणीतरी माझं शब्दकोडं सोडवत होतं. अख्खं नाही, अवघड तेवढे चार-पाच शब्द. मला उरायचं 'एक फळ, दोन अक्षरी'. चोरी म्हणावी तर पेपर जागच्या जागी, घडीसकट.

हे मी जिन्यात बोललो, तिथंच चुकलं. ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. त्यामुळे सगळी बिऱ्हाडं दिवसातून दोनदा तरी एकमेकांना धापा टाकताना भेटतात. संध्याकाळपर्यंत तपासपथक तयार: दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, बँकेतून रिटायर झालेले काका, आणि समोरच्या दारातला सातवीतला मुलगा. तो खरं तर चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची चित्रं टाळायला आला होता.

काकांचा पहिला संशय पेपर टाकणाऱ्या पोरावर. काकूंनी तो उडवून लावला. "अहो, त्याला सातच्या आत गोखले रोडपर्यंतची घरं उरकायची असतात. तो काय जिन्यात बसून समानार्थी शब्द शोधणार?"

तसं आमच्याकडे हेरगिरी शिकवावी लागत नाही. कुणाच्या पिशवीत मेथी, कुणाचे पाहुणे किती दिवस टिकले, सगळं सगळ्यांना ठाऊक. फक्त कुणी जोडून पाहिलेलं नसतं.

जोडलं ते काकांनी. आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळलेला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. 'गांवकरी'. गा वर ठसठशीत अनुस्वार. "1962 साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. हा हात त्याआधी शाळेत वळलाय."

म्हणजे सत्तरी पार. अशी इमारतीत तीनच माणसं. एक स्वतः काका. दुसरे पहाटे कचराळी तलावावर फेऱ्या मारायला जातात, ते साडेसातला उगवतात. राहिल्या समोरच्या आजी. पण त्यांना तर वर्षभर अक्षर दिसत नाही! म्हणूनच नातू शाळेतून आला की त्यांना पेपर वाचून दाखवतो, अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत.

मी 'गांवकरी'वरून बोट फिरवलं. काजळासारखं काळं झालं. मऊ, गडद शिसं.

"सिक्स-बी पेन्सिल," पोरगा पटकन म्हणाला. "माझी पण रोज बोथट झालेली..." आणि त्याचे कान लाल झाले.

त्यांच्याकडेही हाच पेपर येतो. पण त्यात कोडं भरलेलं घरात दिसलं असतं, मग संध्याकाळचं वाचन कोण करणार? काकू उठल्या. "चला, माझा कुकर लावायचाय." काकांनी पेपरची घडी घातली.

तेव्हापासून सगळं पूर्ववत आहे. मी सातच्या आत दार उघडत नाही. अडचण झाली ती परवा. 'ठाण्यातलं तळं, चार अक्षरी'. आजींनी 'कचराळी' भरलं होतं. आडवे शब्द काही केल्या जुळेनात, कारण हवं होतं 'उपवन'. खोडरबर घेऊन बसलो आणि ठेवून दिला. सांगणार कुणाला आणि कसं?

काल संध्याकाळी समोरचं दार उघडंच होतं. निधनवार्ता संपल्या. पोरगा थांबला नाही. एरवीपेक्षा जरा मोठ्यानं वाचू लागला, "कालच्या शब्दकोड्याचं उत्तर. उभे शब्द. पाच, उपवन."

"अगंबाई!" आजी म्हणाल्या.