शिकार करायची नाहीये, तरी जड बाण हवाय

हंटिंग बो (शिकारीचं धनुष्य) घेतलाय म्हटलं की पुण्यात दोनच प्रश्न येतात, एक "लायसन लागतं का रे त्याला?" आणि दुसरा "मारणार कुणाला, बाल्कनीतल्या पारव्यांना?" तर आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार हा गुन्हा आहे आणि मला करायचीही नाहीये. मी मुळशीकडे मित्राच्या शेतावर जातो, तिथे मातीचा उंच बांध आहे, त्याच्या पुढे गोणपाटात जुन्या साड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या ठासून भरलेलं टार्गेट, बस. सोसायटीच्या पार्किंगमधे किंवा टेकडीवर कोपरा बघून प्रॅक्टिस करू म्हणणाऱ्यांनी कृपया हा नाद सोडा, वेताळ टेकडीवर पहाटे पाचपासून माणसं असतात आणि माणसं नसतील तिथे मोर असतात.

आता बो कुठला, तर साधा लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेला, ना नेम धरायची साइट, ना तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर, बाण थेट शेल्फवर, म्हणजे मुठीच्या वरच्या खाचेवर, ठेवून मारायचा. अदिती स्वामी आणि ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमधे वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून धनुर्विद्या म्हटलं की लोकांना चाकं लावलेला कंपाऊंड आठवतो, साताऱ्याची पोरगी आणि नागपूरचा पोरगा, अभिमान आहेच, पण माझं प्रकरण त्याच्या मानाने तिरकामठ्याच्या जास्त जवळचं आहे.

मग शिकार नाही तर जड बाण कशाला? मला पण आधी तेच वाटायचं, की जड बाण म्हणजे रेडा पाडणाऱ्यांची भानगड. पण खरं कारण बोमधेच आहे. दोरी ओढली की लाकडात ताकद साठते, सोडली की ती बाणात जाते, आणि जी बाणात जात नाही ती बोमधेच राहते, मग हाताला झटका बसतो, दोरी खणखणते, लिंब म्हणजे बोचे वाकणारे हात थरथरतात. बाण जितका जड तितका त्यातला मोठा वाटा बाण घेऊन जातो. रिकामी दोरी कधीही सोडायची नाही म्हणतात त्याचं कारण पण हेच, सगळी ताकद बोलाच खावी लागते आणि तो फुटू शकतो. फार हलका बाण हा त्याच रस्त्यावरचा प्रकार आहे. माझा बो सोबत मिळालेल्या हलक्या बाणांनी टण्णकन वाजायचा, जड बाणांनी नुसता 'थप्' असा आवाज येतो, शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी आता मान पण वर करत नाहीत.

पण जड म्हणजे किती हा मुद्दा आहे आणि इथे नेटवर बसलात की डोकं फिरतं. डॉ. एड अ‍ॅशबी नावाच्या माणसाने १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत नातालमधे बाण किती खोल घुसतो, हाड फोडतो का, याचा खूप अभ्यास केला, त्यातून ६५० ग्रेन हा आकडा आला आणि तेव्हापासून अमेरिकेतले लोक तो आकडा मंत्रासारखा जपतात. ६५० ग्रेन म्हणजे ४२ ग्रॅम. मोठ्या जनावराच्या हाडासाठी असेल बरोबर, मी वाद घालत नाही, पण आपल्या गोणीला हाडं नसतात. माझ्या बोला तो बाण लावला तर २० मीटरच्या आतच जमीन शोधेल. नवीन माणसाने आकडा तिकडून उचलायचा नाही, स्वतःच्या बोवरून काढायचा.

त्यासाठी आधी स्वतःचा ड्रॉ वेट, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारी ताकद, माहिती पाहिजे. बोवर ४० पाऊंड लिहिलेलं असतं ते २८ इंच ओढल्यावरचं, आणि आपण सगळे कुठे २८ ओढतो? माझा ड्रॉ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, २७ इंच आहे. विमानतळावर जायच्या आधी बॅग मोजायचा जो हुकवाला डिजिटल काटा असतो ना, तो दोरीत अडकवायचा आणि काट्यानेच दोरी ओढायची, बाणावर तुमच्या ड्रॉची खूण चिकटपट्टीने करून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी आकडा वाचायला सांगा. माझा आला १६.८ किलो, म्हणजे ३७ पाऊंड. आता पाऊंडामागे किती ग्रेन हा हिशोब, त्याला जीपीपी म्हणतात. ८ च्या खाली ट्रॅडिशनल बोला मी तरी जाणार नाही, १० ला बो खुश असतो, ११-१२ ला एकदम शांत, त्याच्या पुढे बाण इतका खाली पडायला लागतो की अंतराचा अंदाज जरा चुकला तरी टार्गेटच्या पायाशी. मी साडेअकराच्या आसपास थांबलो.

ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. सोनारकामाचा छोटा काटा मिळतो ०.०१ ग्रॅमवाला, तो घ्या, स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही कारण तो ग्रॅमच्या खाली बघतच नाही आणि एका ग्रॅममधे १५ ग्रेन जातात.

आणि आता खरी गंमत सुरू होते, कारण बाण जड करायचा म्हणजे नुसतं वजन चढवायचं असं नसतंच. बाण सुटताना सरळ जात नाही, तो वाकतो, बोच्या मधल्या भागाला वळसा घालून जातो आणि मग सरळ होतो. किती वाकायचा हे ठरतं शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या दांडीच्या, कडकपणावरून, म्हणजे स्पाइनवरून. पुढे टोकाला वजन वाढवलं की तोच शाफ्ट जास्त वाकतो, जणू मऊ झाल्यासारखा वागतो. लांब ठेवला तरी मऊ. कापला की कडक. बोची ताकद वाढली की परत मऊ. म्हणजे वजन, लांबी, स्पाइन आणि बो ही चार पोरं एकाच बाकावर बसलेली आहेत, एक सरकलं की बाकीच्यांना सरकावं लागतं. म्हणून "मला २०० ग्रेनचं टोक पाठवा" असं नुसतं मागवून काही होत नाही.

स्पाइनचा आकडा उलटा चालतो हे पण लक्षात ठेवा, मोठा आकडा म्हणजे मऊ. शाफ्ट २८ इंचावर म्हणजे ७१ सेंटिमीटरवर दोन टेकूंवर ठेवायचा आणि मधोमध १.९४ पाऊंड म्हणजे ८८० ग्रॅम लटकवायचे, तो जितका इंच खाली वाकेल त्याला हजाराने गुणायचं. ६०० स्पाइन १५.२ मिलिमीटर वाकतो, ५०० चा १२.७, ४०० चा १०.२. हे घरी करता येतं, पुण्यात तर प्रत्येक घरात कुणीतरी इंजिनियर असतो आणि त्याच्याकडे व्हर्नियर असतो. पाण्याची बाटली काट्यावर ठेवून ८८० होईपर्यंत भरली की वजन तयार. मी माझे सगळे शाफ्ट असे बघितले, शाफ्ट थोडा थोडा फिरवून पण बघितला कारण काही शाफ्ट एका बाजूने कडक आणि दुसऱ्या बाजूने मऊ निघतात. आईला वाटलं ऑफिसचं काम करतोय, मी पण तसंच वाटू दिलं.

वजन पुढे न्यायला मी पितळी इन्सर्ट वापरले. टोक ज्यात फिट होतं तो तुकडा नेहमी अ‍ॅल्युमिनियमचा असतो, पितळ त्याच्या तिप्पट जड, त्यामुळे त्याच मापाचा तुकडा बदलला की काम झालं. बाहेरून मागवायचे तर शिपिंगच इन्सर्टपेक्षा महाग, म्हणून भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमधे गेलो. लेथवरच्या काकांनी नमुना उलटसुलट करून बघितला, म्हणाले "किती हजार पीस?" म्हटलं "काका, डझनभर". त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचे पैसे देऊन निघून जावं. पण केले, आणि भारी केले, सगळे एकमेकांच्या अर्ध्या ग्रेनच्या आत. बसवताना एकच काळजी, हॉट मेल्ट ग्लू लावत असाल तर गरम धातूला करायचं, कार्बनला आच लागू द्यायची नाही, त्याने तो आतून कमकुवत होतो.

आत्ताचा बाण असा आहे: ६०० चा कार्बन शाफ्ट ३० इंच, इंचाला ७ ग्रेन म्हणजे २१०, नॉक (शेपटीकडची दोरीची खाच) १०, तीन पिसं मिळून १२, पितळी इन्सर्ट ५० आणि फील्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक) १४५. टोटल ४२७ ग्रेन, म्हणजे पावणेअठ्ठावीस ग्रॅमच्या जवळपास. बोटावर तोलला तर नॉकपासून साधारण सव्वाएकवीस इंचावर तोल जातो, मध्य १५ ला, म्हणजे सव्वासहा इंच पुढे, भागिले ३०, झाले २०-२१ टक्के. याला एफओसी (फ्रंट ऑफ सेंटर) म्हणतात, नेहमीच्या बाणाचा १०-१५ असतो. हे आकडे जसेच्या तसे कॉपी करू नका हं, माझा शेल्फ मधोमध कापलेला नाही, तुमचा असेल तर तुम्हाला कडक शाफ्ट लागेल.

ट्यूनिंगची पद्धत सोपी आहे, धीर लागतो एवढंच. शाफ्ट पूर्ण लांब ठेवा, कापू नका. तीन बाण पिसांचे, तीन बिनपिसांचे, सगळ्यांचं वजन सारखं, बिनपिसांच्या बाणाला पिसांच्या जागी तेवढ्याच वजनाची चिकटपट्टी गुंडाळायची. १० मीटरवरून मारायचे, जास्त लांब जाऊ नका, बिनपिसाचा बाण तिरका घुसला की मोडतो. आधी फक्त वर-खाली बघा. बिनपिसाचे पिसांवाल्यांच्या वर लागतायत तर दोरीवरचा नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाण अडकवायची जागा, वर सरकवा, खाली लागतायत तर तो खाली आणा. हे जुळेपर्यंत डावं-उजवं बघायचंच नाही, कारण नॉक खाली असला की बाणाची शेपटी शेल्फवर आपटते आणि मग पुढचं सगळंच खोटं दिसतं.

मग डावं-उजवं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी: बिनपिसाचा उजवीकडे गेला तर बाण मऊ पडतोय, डावीकडे गेला तर कडक. मऊ असेल तर मागून पाव-पाव इंच कापत या, एकदम इंचभर उडवलं तर परत चिकटवता येत नाही. कापायला हॅकसॉ नको, कटिंग व्हील वापरा आणि मास्क लावा, कार्बनची धूळ फुफ्फुसात जाऊ द्यायची गोष्ट नाही. थोडासाच मऊ असेल तर न कापता शेल्फच्या बाजूच्या पट्टीखाली चामड्याचा पातळ तुकडा लावून पण काम भागतं. कडक असेल तर पुढे वजन वाढवा, आपल्याला जड बाण हवाच होता, तेव्हा हा सुखाचा प्रॉब्लेम. एक गोम आहे, बाण फारच कडक असला तर तो बोवर आपटून उजवीकडे उडतो आणि मऊ असल्याचं नाटक करतो. बोच्या बाजूला घासल्याची खूण दिसली, टक् असा आवाज आला तर कापायला घेऊ नका, आधी टोकाचं वजन वाढवून बघा, बिघडण्याऐवजी सुधारलं तर तो कडकच होता.

आणि मुळात तुमचे पिसांवाले बाण जर ताटाएवढ्या गोलात पण येत नसतील तर हे सगळं ट्यूनिंग आत्ता करूच नका. बिनपिसाचा बाण सोडण्यातली प्रत्येक चूक दाखवतो, बोटं अडकली, हात हलला, सगळं, आणि नवीन माणूस ती चूक बाणाची समजून शाफ्ट कापत बसतो. तोपर्यंत कुठलाही बरा, जरासा जड बाण घेऊन मारत राहा. आणि पहिलाच बो ५० पाऊंडाचा घेऊ नका, ३०-३५ भरपूर आहे, दंड दुखतोय तोवर ट्यूनिंग कसलं.

वेगाचं म्हणाल तर जड बाणाने तो कमी होतोच. हिशोबाने बघा, १७० फूट सेकंदाला जाणारा बाण १८ मीटरला सुमारे ५९ सेंटिमीटर खाली येतो, १५५ वाला ७१, म्हणजे वीतभर पण फरक नाही. सवय होते. ३० मीटरला मात्र हाच फरक दीड वीत होऊन बसतो, तिथे मी अजून सुधारतोय असं सभ्य भाषेत म्हणू.

पिसांबद्दल एवढंच, शेल्फवरून मारायचं तर टर्कीची खरी पिसंच लावा, प्लॅस्टिकचे व्हेन शेल्फला आपटून बाण उडवतात, पिसं दबून निघून जातात. एका बाणाला एकाच पंखाची, डाव्या-उजव्याची मिसळ चालत नाही. आणि मुळशीच्या पावसात पिसं भिजून पार चपटी होतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधे मी घरीच बसून सगळ्या शाफ्टना हाताने वाकवून कान लावतो, कचकच ऐकू आली की तो शाफ्ट सरळ मोडून टाकायचा, कुंडीतल्या टोमॅटोला आधार द्यायला पण ठेवायचा नाही, कारण मग ऑक्टोबरमधे कुणीतरी तो परत उचलतंच.