मार्थाचा ग्लास

रंगीत तालमीच्या दुपारी आमच्या दिग्दर्शकाने, दादाने, संहिता मिटली आणि मला म्हणाला, "ताई, दारू ओतायच्या जागा निम्म्या करू. नाटक लांबतंय." प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणारं सामान, माझ्याकडे होती. निम्मे ग्लास कमी म्हणजे माझं काम निम्मं. तरी मी भांडले.

नाटक अमेरिकन नाटककार एडवर्ड ऑल्बीचं, 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' १३ ऑक्टोबर १९६२ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. तीन अंकी, आणि नटांना इतकं पिळून काढणारं की तिथे दुपारच्या खेळांना कलाकारांचा वेगळा संच असायचा. आमच्या मंडळींनी ते मराठीत आणलं होतं, प्रयोग नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहात. जॉर्ज इतिहासाचा प्राध्यापक, मार्था त्याच कॉलेजच्या अध्यक्षांची मुलगी. रात्री दोन वाजता निक आणि हनी हे तरुण जोडपं त्यांच्या घरी येतं आणि पहाटेपर्यंत हे नवरा-बायको पाहुण्यांच्या देखत एकमेकांना सोलून काढतात.

प्रॉपर्टीची यादी करताना नाटक फार जवळून वाचावं लागतं. बंदूक हवी, पण चाप ओढला की नळीतून छत्री उघडणारी. एक बाटली फोडायची. ब्रँडीच्या बाटलीवरचं लेबल हनी नखाने सोलत बसते, म्हणून ते नुसत्या खळीने चिकटवायचं. शेवटच्या अंकात जॉर्ज फुलं भाल्यासारखी फेकतो. मूळ नाटकात ती स्नॅपड्रॅगन आहेत. मी गणेशवाडीच्या फुलबाजारातून लांब दांड्यांची ग्लॅडिओलस आणली. दारू म्हणजे कोरा चहा, कमी-जास्त पाणी घालून. बर्फ मात्र खराच. तिसऱ्या अंकात मार्था एकटी असताना म्हणते की आम्ही दोघं रडतो, ते अश्रू फ्रीजमध्ये गोठवतो आणि दारूत टाकून पितो. तिथे ग्लासात प्लास्टिकचे खडे वाजले तर त्या बाईच्या दुःखाची थट्टाच होईल.

या यादीत मी एक रकाना केला होता: कोण ओततं? तोच दादापुढे धरला. बहुतेक ठिकाणी जॉर्जच होता. ती त्याला सगळ्यांसमोर नालायक ठरवते, तो तिला जिव्हारी लागेल असं बोलतो, आणि ग्लास रिकामा झाला की उठतो तोच. लोक याला द्वेषाचं नाटक म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. न झालेल्या मुलाला दोघांनी मिळून वर्षानुवर्षं मनात वाढवलंय. असं गुपित द्वेषावर टिकत नाही.

"आणि शेवट बघ," मी म्हटलं. त्या मुलाला जॉर्जने शब्दांनीच मारून टाकलेलं असतं. पाहुणे गेलेत. तो विचारतो, तुला काही हवंय? ती म्हणते, काही नको. "रात्रभर तो तिचा ग्लास भरताना दिसलाच नाही, तर त्या 'नको'ला काय अर्थ?"

बराच वेळ तो रकाना वाचत बसला. शेवटी दुसऱ्या अंकातली एकच जागा कापली, बाकी सगळ्या ठेवल्या.

प्रयोगाला पहिल्या अंकात हशे भरपूर आले. छत्री उघडली तेव्हा तर टाळ्या. दुसऱ्या अंकात ते विरळ होत गेले. मी विंगेत बर्फाची पेटी घेऊन उभी होते. शेवटी जॉर्ज झालेल्या नटाने तो प्रश्न विचारला आणि विचारतानाच त्याचा हात बाटलीकडे गेला. हे तालमीत कधी नव्हतं, कोणी बसवलेलं नव्हतं. ती "काही नको" म्हणाली. बाटलीच्या गळ्यापर्यंत गेलेला हात त्याने मागे घेतला. विंगेत माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतकी वर्षं बॅकस्टेज करते, चालू प्रयोगात असं माझं सहसा होत नाही.

पडद्यानंतर मी ग्लास गोळा करत होते तेव्हा दादा आला. "ताई, दुसऱ्या अंकातली ती कापलेली जागा पुढच्या प्रयोगाला परत घेऊ."

"घेऊ," मी म्हटलं, "पण बर्फाची आणखी एक पेटी लागेल."