चालक तयार, बॅज मात्र अडकलेला: माझा अनुभव

चालक शिकून तयार होतो आणि बॅजची, म्हणजे भाड्याची प्रवासी गाडी चालवायला आरटीओकडून मिळणाऱ्या मंजुरीची, वाट बघत बसून राहतो. दर तुकडीत हेच होतं, आणि दर वेळी माझं डोकं तापतं. खोपोलीजवळ एका थीम पार्कला लागून रिसॉर्ट आहे, तिथल्या गाड्यांसाठी मी चालक तयार करतो. पाहुण्यांना मुंबई-पुण्यातून घरून घेऊन यायचं, पार्कच्या दारापासून खोलीपर्यंत सोडायचं आणि मुक्काम संपला की परत पोचवायचं, असं हे काम. त्याआधीची सगळी नोकरी एसटीत गेली, शेवटची बरीच वर्षं चालक प्रशिक्षक म्हणून. त्यामुळे माणसाला स्टिअरिंगवर बसवणं मला अवघड नाही. त्याचे कागद पुढे सरकवणं अवघड आहे.

निवड, गाडीची चाचणी, डोळ्यांची तपासणी, नमुना १-अ चं वैद्यकीय प्रमाणपत्र, हे सगळं बिनबोभाट होतं. शिकवण्याचं तेवढं सांगतो, कारण ते मला मनापासून आवडतं.

घाटाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. पुण्याहून एक्स्प्रेसवेने येताना अमृतांजन पुलाच्या जागेपासून आडोशी बोगद्याकडे जो उतार लागतो, तिथे पोरं ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी खाली आणतात. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते, हे वर्गात सांगून पटत नाही. खाली आल्यावर मी गाडी थांबवतो आणि चाकाजवळ नुसतं नाक न्यायला लावतो. जळका वास एकदा घेतला की पुन्हा सांगावं लागत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. ऑटोमॅटिक गाडी असली तरी ती डी वर सोडून द्यायची नाही, मॅन्युअलवर घेऊन इंजिनाला गाडी धरू द्यायची. आणि न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारा माणूस मला नको, मग तो कितीही जुना असो. जुन्या हायवेने जायची वेळ आली तर घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाला हात जरूर जोडा, पण अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही तेच लिहिलं आहे.

दुसरी मोठी गोष्ट लहान मुलांच्या सीटची. आमच्या गाड्यांत निम्म्याहून जास्त पाहुणे लेकुरवाळे असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा मुलांच्या सीटविना बसवलं तर चालकाला एक हजार रुपये दंड आहे, आणि आई म्हणाली “राहू दे हो, मांडीवर घेते” तरी जबाबदारी आपलीच. सीट बसवल्यावर पट्ट्यापाशी धरून हलवायची. इंचभराहून जास्त हलली तर ती बसलेलीच नाही. तान्ह्या बाळाचं तोंड मागे, आणि पुढच्या एअरबॅगसमोर ती सीट कधीच नाही. आमची पोरं आता हे डोळे मिटून करतात, याचा मला अभिमान आहे.

आता बॅज.

मागच्या तुकडीत एक मुलगी होती. माहेर सुधागड तालुक्यात, सासर खालापूर तालुक्यात. लग्नाआधी भावाच्या पिकअपवर बाजाराचा माल ने-आण करायची, त्यामुळे हात पक्का होता. घाटात तिच्याइतकी शांत गाडी त्या तुकडीत कुणीच चालवत नव्हतं. परवाना जुना, माहेरच्या नावाचा. आधारवर लग्नानंतरचं नाव: मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. बँकेच्या पासबुकावर तिसराच प्रकार, आधी आडनाव, मग नाव. आपल्याकडे घरोघरी अशी कागदं आहेत, यात तिचा काय दोष?

बॅजसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. तो अर्ज आधारवरच्या नावाने गेला, पोलीस ठाण्यातल्या गोपनीय शाखेने बोलावलं, दाखला आला. तो घेऊन आम्ही आरटीओत गेलो. खिडकीवरच्या माणसाने परवाना पाहिला, दाखला पाहिला आणि म्हणाला, “काका, नावात तफावत आहे. आधी लायसन्सवरचं नाव बदलून आणा.”

नाव बदलायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. लग्न झालं होतं, नोंदणी झाली नव्हती. मग ग्रामसेवकाकडे फेऱ्या. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. गुरुजी चातुर्मासात गावी नव्हते, त्यांच्या मुलाकडून पत्ता काढून तिचा नवरा सही आणायला गेला. ग्रामसेवकाकडे दोन ग्रामपंचायतींचा कारभार, म्हणजे तो कुठल्या दिवशी कुठे हे आधी फोन करून विचारायचं. हे सगळं त्या पोरीने भात लावणीच्या दिवसांत, प्रशिक्षणाचा एकही तास न चुकवता केलं.

प्रमाणपत्र आलं. सारथी या परवान्याच्या सरकारी पोर्टलवर नाव आणि पत्ता अशा दोन्ही बदलांची सेवा निवडून अर्ज भरला. खिडकीवर मात्र फक्त नावाचा बदल घेतला, “पत्त्याचं नंतर बघू” म्हणाले. मी तिथेच सांगितलं की कार्ड पोस्टाने जातं आणि ते परवान्यावरच्या पत्त्यावर जातं. ऐकलं नाही. कार्ड गेलं माहेरी. भाऊ कामासाठी बाहेर, घराला कुलूप. पोस्टमनने परत पाठवलं आणि ते पुन्हा त्याच कार्यालयात येऊन पडलं, परत आलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात.

आम्ही म्हटलं, मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये नवं नाव दिसतंय, त्यावर बॅजचा अर्ज घ्या. “मूळ कार्ड दाखवा.” मूळ कार्ड तुमच्याच कार्यालयात आहे. “मग त्या खिडकीवर विचारा.” त्या खिडकीवर: “स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट द्या, पाठवून देऊ.” कुठल्या पत्त्यावर? परवान्यावरच्याच. म्हणजे पुन्हा त्याच कुलपाला!

इकडे रिसॉर्टमध्ये तिच्या बरोबरीचे चालक गाड्यांवर चढले. तिला प्रशिक्षणार्थीचं मानधन, पूर्ण पगार नाही. वरून विचारणा सुरू झाली, “बॅज नसेल तर जागा दुसऱ्याला देऊ या का?” मी स्पष्ट सांगितलं, ही मुलगी गेली तर पुढची तुकडी मी घेणार नाही. तिला गाड्यांच्या नियोजनाच्या टेबलावर बसवलं. पार्क सुटायच्या वेळी सगळे पाहुणे एकदम बाहेर येतात, ओले कपडे, रडणारी पोरं, प्रत्येकाला गाडी आत्ता हवी असते. ती घडी तिने अशी सांभाळली की जुने चालकही तिला विचारून गाडी हलवायला लागले.

काहींनी सल्ला दिला, एजंटला पैसे द्या, उद्या होईल. द्यायचे नाहीत, हे मी आणि तिने दोघांनीही ठरवलं होतं. दुसरा सल्ला असा, की सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आलाय, आता काहीच लागत नाही. हा गोंधळ खूप जणांचा आहे, म्हणून नीट सांगतो. ६ नोव्हेंबर २०२४ चा घटनापीठाचा निकाल परवान्याच्या वर्गाबद्दल आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाचं वाहतूक वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही, असं त्यात आहे. प्रवासी वाहनाच्या बॅजचा विषय वेगळा. आमच्याकडे कार्यालय बॅज मागतं, विमावाला मागतो, आणि पिवळ्या पाटीच्या गाडीवर बॅजशिवाय मी कुणालाही बसवत नाही.

शेवटी मी एक फाईल केली. वर एका पानावर तारखांसह घटनाक्रम, खाली विवाह प्रमाणपत्र, दोन्ही नावांचा परवाना, दाखला, कार्ड परत आल्याची पोस्टाच्या ट्रॅकिंगची प्रत. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली आणि कागद इलेक्ट्रॉनिक रूपात दाखवायला मान्यता मिळाली, त्याचीही प्रत जोडली. खिडकी सोडली आणि थेट सहायक प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांची भेट मागितली. त्यांनी पहिलं पान वाचलं, शिपायाला बोलावून गठ्ठ्यातून कार्ड काढायला लावलं आणि बॅजच्या अर्जावर शेरा मारला. आम्ही बसलो होतो तिथेच कार्ड हातात आलं. इतक्या सहज होणारी गोष्ट इतके दिवस का अडवली, याचा राग अजून आहे. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “सर, आता पहिली ट्रिप कुठली?” पनवेलची होती. आजी-आजोबा आणि दोन नातवंडं.

तुम्ही असे चालक घेत असाल किंवा स्वतः बॅज काढणार असाल तर निवड झाली त्याच दिवशी परवाना, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर जुळवा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल तरी अडतं. विवाहित मुलींची विवाह नोंदणी झालीय का हे मोकळेपणाने विचारा, त्यात संकोच नको. पत्ता आणि नाव एकाच अर्जात बदला आणि खिडकीवर एकच घेतलं तर पावतीवर तसं लिहून मागा. चारित्र्य दाखल्याचा अर्ज प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधी टाका, पण नाव जुळल्यानंतरच, नाहीतर आमच्यासारखं होईल.

भाड्याने राहणाऱ्या मुलांचं राहिलं. बीड-लातूरकडची पोरं इथे खोलीत चार-चार जण राहतात आणि भाडेकरार एकाच्याच नावावर असतो. पडताळणीला पोलीस येतात तेव्हा बाकीच्यांचा पत्ता सिद्ध होत नाही. घरमालकाला सांगून सगळ्यांची नावं करारात घाला. तो कुरकुर करतो, पण कंपनीचं पत्र दाखवलं की तयार होतो. त्या पत्रावर जावक क्रमांक आणि शिक्का हवाच, नुसतं लेटरहेड चालत नाही.